आठव्या व्हॉल्व्हची फट

२ मार्च

आज परत घेतला. श्वास! इंजिन तापल्यावरच, आधी नाही.

दुपारी धुकं खाली उतरलं तशी शेडचं दार सताड उघडलं, मॉरिस सुरू केली आणि मागे स्टुलावर जाऊन बसले. गार असते तोवर गाडी ठणठणीत. कुठे म्हणून खोट नाही. मग बॉनेट हाताला चटका देऊ लागतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ते सुरू होतं — इंजिनाचा एक ठोका चुकतो, आणि त्या चुकलेल्या जागेत कुणीतरी हवा आत ओढतं. बाहेर सोडत नाही. आत ओढतं! आणि शेवटी बारीक शीळ.

मी बंदारवेलाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. माणूस हॅलो म्हणायच्या आधी श्वास घेतो, त्यावरून पलीकडे कोण आहे ते मी सांगायचे. मला कुणी शिकवू नये.

३ मार्च

ह्यांना जाऊन दीड महिना होऊन गेला. जानेवारीत, दुरुतु पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ह्याच गाडीत, स्टिअरिंगमागे. शेडचं दार उघडं, केसांवर धुक्याचे थेंब, किल्ली फिरवलेली आणि टाकी कोरडी. म्हणजे पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक विचारत होते, मास्तर निघाले कुठे होते? कुठेच नाही! शेवटचे आठ-नऊ महिने रोज दुपारी तिथे जाऊन बसायचे. ‘उभी गाडी गंजते, सोमे. जरा गरम करतो.’ मला वाटायचं, निवृत्त स्टेशनमास्तर — ह्यांना काहीतरी धडधडणारं लागतं समोर.

ह्यांची एक खोड होती. बोलायच्या आधी दोनदा कोरडं खोकायचे. ख्ख, ख्ख — सोमे, चहा. सत्तेचाळीस वर्षं मी त्या खोकल्यावर वैतागले. आता श्वास येतो, खोकला येत नाही. रोज कान लावून बसते. नाहीच येत.

७ मार्च

पेमा आली होती बदुल्लाहून. येताना पिकलेले अवाकाडो आणि सल्ले, दोन्ही पिशव्या भरून. धाकटी बहीण आहे, पण थोरलीचा तोरा.

शेडमध्ये नेऊन तिला ऐकवलं. दोन मिनिटं उभी राहिली आणि घरात पळाली. मग सुरू — ‘आक्का, भावोजी चांगले होते म्हणून काय झालं? जीव गुंतला की चांगल्याचंही भुकेलं पिशाच होतं. सुईच्या नेढ्याएवढा घसा असतो त्यांचा. समोर अन्न असतं, पाणी असतं, पण आत उतरत नाही!’

मी म्हटलं, चहा गार होतोय तुझा.

‘होऊ दे. तिसऱ्या महिन्याचं दान तोंडावर आलंय. भिक्खूंना जेवू घालायचं, पुण्य त्यांच्या नावाने सोडायचं, आणि इकडे रोज किल्ली फिरवून त्यांना परत बोलवायचं? एका हाताने वाढतेस आणि दुसऱ्या हाताने ताट ओढून घेतेस. दानाच्या आत ही गाडी दुरुस्त कर, नाहीतर विकून टाक.’

पेमाचं बोलणं मी सहसा मनावर घेत नाही. पण ती गेल्यावर दिवसभर तो घसा डोळ्यासमोर. सुईच्या नेढ्याएवढा.

११ मार्च

वडिवेल मेस्तरीला बोलावलं. उतारावर खाली त्याचं गॅरेज. सत्तरी उलटली, पान आणि तोंड दोन्ही अखंड चालू. आल्या आल्या टोमणा.

‘आज कशी आठवण झाली, अम्मा? गेल्या वर्षी मास्तरांनी तीनदा ही गाडी माझ्या दारावरून ओढत नेली. वेलिमडा रोडला नेली, दियतलावाला नेली, हपुतलेला नेली. माझ्याकडे एकदा नाही. माझ्या दारात काय कुत्रं बांधलंय?’

खरंच आहे. मीच ह्यांच्या मागे लागायचे — ठेचा खातेय, धूर सोडतेय, नीट करून आणा. हे आणायचे नीट करून. आठ दिवस बरी, की परत तेच. त्या तिन्ही मेस्तऱ्यांचा मी बसल्या जागी उद्धार केलाय.

इंजिन तापेस्तोवर वडिवेल गप्पा मारत होता. श्वास सुरू झाला तसा तो मागे गेला. मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाला, ‘एक कागद द्या.’ हातात हीच वही होती, शेवटचं पान टरकावून दिलं. त्याने ते सायलेन्सरच्या तोंडासमोर धरलं. कागद बाहेर फडफडला, फडफडला — आणि एकदम चपकन आत ओढला जाऊन तोंडाला चिकटला. मग सुटला. परत चिकटला.

मी दोन पावलं मागे सरले. तो मात्र खूश! ‘ह्याला म्हणतात पुरावा. अम्मा, निरोगी गाडी इथून फक्त सोडते. ही घेतेसुद्धा. एक व्हॉल्व्ह मिटत नाहीये. दार लागत नसेल तर वारा दोन्हीकडून येणारच.’

‘आणि शीळ?’

‘फट बारीक असली की शीळ वाजते. भूत असतं तर मी दुप्पट मजुरी सांगितली असती.’

कागद परत दिला. मधोमध काजळीचं गोल कडं. वहीत ठेवलाय. ओठांचा ठसा वाटतो, म्हणून उलटा ठेवलाय.

१२ मार्च

आज तो अवजारं घेऊन आला. चालू इंजिनावर स्पार्क प्लगची एकेक टोपी उपसायला लागला. पहिली काढली — इंजिन लंगडलं. दुसरी, तिसरी — तेच. चौथी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही! ‘चौथा आधीच मेलाय,’ म्हणाला. मग सगळे प्लग काढून दाबाचं घड्याळ लावलं. तिघांचा काटा वर, चौथ्याचा निम्म्यावरही नाही. चौथ्यात थोडं तेल सोडून परत बघितलं. काटा तिथेच. ‘म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीत. व्हॉल्व्हच.’

शेवटी चौथ्या सिलिंडरमध्ये पंपाने हवा भरायला घेतली आणि मला म्हणाला, ‘जा मागे, कान लावा.’

इंजिन बंद. सगळं शांत. मी गुडघ्यावर बसून सायलेन्सरला कान लावला. आतून, लांबून, संथ — हाऽऽऽ.

 त्याने हात देऊन मला उठवलं.

‘ऐका अम्मा,’ म्हणाला, आणि पहिल्यांदाच पान थुंकून बोलला. ‘किल्ली फिरवायची नाही आता. व्हॉल्व्ह मिटत नाही म्हणून जाळ त्याच्या कडेवरून जातो. दर वेळी थोडा आणखी जळतो. एक दिवस तुकडा सुटून आत पडला की इंजिन संपलं. मग मी नाही, भंगारवाला बोलवायचा.’

म्हणजे ऐकायचं तर जाळायचं. आणि जाळलं की एक दिवस ऐकायलाच काही उरणार नाही.

१५ मार्च

आज किल्ली फिरवली नाही.

१६ मार्च

फिरवली. थोडाच वेळ.

२० मार्च

वडिवेल वेलिमडा रोडवरच्या त्या पोराकडे चौकशी करून आला. पोर कसला, पस्तिशीचा बाप्या. गेल्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह घासायचं काम पहिल्यांदा त्यानेच केलं होतं. वडिवेल सांगत होता, ‘व्हॉल्व्ह घासला की तो त्याच्या बैठकीत खोल बसतो आणि त्याची वरची फट कमी होते. फटच उरली नाही तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, म्हणून घासल्यावर आठही फटी नव्याने लावायच्या असतात. ह्याने सात लावल्या. आठवीला हात घालणार, तोच देवळाचा ढोल वाजला. नोनगते लागलं!’

झालं. जुनं वर्ष सरलेलं, नवं लागलेलं नाही — त्या मधल्या काळात कोण काम करणार? पाना जिथल्या तिथे ठेवला. पोराचं म्हणणं, ‘मास्तरांना म्हटलं होतं, नव्या वर्षात आणा, शेवटची लावून देतो. मास्तर आलेच नाहीत.’

‘तुम्हा सिंहली लोकांचं काही सांगता येत नाही,’ वडिवेल हसत होता. ‘माझ्या बायकोलाही पंचांग लागतं, पण पाना हातात असताना नाही.’

मला तो दिवस आठवतो. हे गाडी घेऊन घरी आले ते पांढरेफटक पडून. मुहूर्तावर मी किरीबत, नव्या वर्षाचा दूधभात, वाढला, ह्यांनी नुसता चिवडला. मी म्हटलं, ऊन लागलं. बंदारवेलाच्या डोंगरात कसलं ऊन!

२४ मार्च

ठरलं. इंजिन उघडायचं.

पेमामुळे नाही. काल जेवताना घास घशाशी अडकला, पाण्याचा पेला हाताशी असूनही क्षणभर घोट उतरेना. एवढंसं झालं तर जीव कासावीस झाला. हे असे रोज असतील तर? मला सोबत हवी म्हणून ह्यांनी तसंच राहायचं? इतकी वाईट बाई नाही मी. निदान व्हायची नाही.

२८ मार्च

हेड उतरलं. वडिवेलने वर्तमानपत्रावर आठ व्हॉल्व्ह ओळीने मांडले. ‘बघा, तीन मेस्तरी आणि तीन तऱ्हा. हा व्हॉल्व्ह दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, लेथवर कापून बसवलाय. ही बैठक वाकडी घासलीय. इथे गॅस्केटला नुसता मलम थापलाय. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!’ आणि आठवा — त्याची कड उंदराने बिस्किट कुरतडावं तशी गेलेली.

मग तो एकेका नटावरून बोट फिरवत राहिला. 

‘अम्मा, रागवणार नसाल तर विचारतो. मास्तर इंजिनात हात घालायचे?’

‘छे! त्यांना सायकलची चेन चढवता येत नव्हती.’

‘मग हे बघा.’ फटी जिथे लावतात ती दांडी पुढ्यात धरली. ‘हे सात नट. तेलाची तपकिरी साय जशीच्या तशी. आणि हा आठवा. चकचकीत. कोपरे झिजलेत. मोठ्या पान्याने असं होत नाही. कुणीतरी लहान पान्याने, सवय नसलेल्या हाताने, पुन्हा पुन्हा आवळलाय. दियतलावाचा आणि हपुतलेचा, दोघेही पोरांची शपथ घेऊन सांगतात — आठही फटी लावून दिल्या होत्या. त्यांची कामं रडकी आहेत, पण खोटं बोलत नाहीत. गाडी नीट होऊन आली की घरी आल्यावर कुणीतरी हा एकच आवळत होतं.’

‘कशाला?’

‘तेच तर. धडधाकट गाडीला मुद्दाम दुखणं कोण लावेल?’

तो गेल्यावर ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. हिरव्या चिंधीत गुंडाळलेला छोटा पाना आणि स्क्रूड्रायव्हर. चिंधी माझ्या जुन्या ब्लाउजची.

म्हणून वडिवेलकडे नेत नव्हते गाडी. त्याला कळलं असतं.

२९ मार्च

ह्यांनाही ऐकू येत होता. गेल्या एप्रिलपासून. स्वतः जिवंत असताना!

मग तो श्वास ह्यांचा कसा असेल?

३० मार्च

लिहूनच टाकते. अडतीस वर्षं कुठे लिहिलं नाही.

आमची लेक सुदू सात वर्षांची होती. दमेकरी. त्या दिवशी धुक्यातून, ह्याच मॉरिसमधून, तिला घेऊन इस्पितळात निघालो — हे गाडी चालवत होते, मी पुढे, ती मागच्या सीटवर आडवी. मी मागे का नाही बसले? उशी होती, पांघरूण होतं, वाटलं झोपेल. रेल्वेचं फाटक बंद होतं. ह्यांचंच फाटक! आगगाडी जाईपर्यंत उघडता येत नाही, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? इंजिन चालू ठेवून उभे राहिलो. धुक्यात काही दिसत नव्हतं. फक्त मागून तिचा श्वास — आत ओढलेला, आणि शेवटी बारीक शीळ. आगगाडी गेली, फाटक उघडलं, हे म्हणाले, झोपली वाटतं.

त्यानंतर मागच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही आम्ही. का, ते बोललोही नाही.

वेलिमडा रोडवरून येताना तेच फाटक लागतं. गेल्या एप्रिलमध्ये ते बंद असणार. इंजिन तापलेलं असणार. त्या रात्री जेवण टाकून हे म्हणाले होते, ‘सोमे, सुदूचा फोटो कुठे ठेवलायस?’ मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

आणि मी! टेलिफोनवाली! पहिल्याच दिवशी ओळखला होता श्वास. ओळखला आणि वरून दुसरं नाव लावलं, कारण नवऱ्याचं दुःख दोन-अडीच महिन्यांचं होतं. ते झेपत होतं.

राग येतोय. आठ-नऊ महिने एकटे बसून ऐकत राहिले. मला का नाही बोलावलं? स्टूल होतं की तिथे!

१ एप्रिल

वडिवेलने विचारलं, ‘नवा व्हॉल्व्ह मिळालाय. बसवू ना?’ असं विचारायची त्याची पद्धत नाही. तोंडावरून काही कळलं असेल.

बसव, म्हटलं.

सुईच्या नेढ्याएवढा घसा. तिचा तसाच होता. अडतीस वर्षं पुरे झाली.

५ एप्रिल

गाडी तयार. शेवटची फट त्याने माझ्याकडून लाववून घेतली. ‘या अम्मा, तुम्हीच लावा, म्हणजे परत कुणाला दोष नको.’ झाकणाचे दोन नट काढायचे, पोलादाची पातळ पट्टी फटीत घालायची, स्क्रू हलकेच फिरवायचा. पट्टी सरकली पाहिजे, पण जरा अडत अडत. मग नट आवळायचा. एवढंच! चोळीला हुक लावण्यापेक्षा सोपं.

सुरू केली. टकटक टकटक.

‘ही टकटक हवीच,’ तो म्हणाला. ‘टकटकते तोवर समजा बरी आहे. गप्प झाली की मला बोलवा.’ इंजिन तापलं. मी स्वतः कागद धरला. नुसता बाहेर फडफडत राहिला.

१० एप्रिल

दान झालं. आदल्या संध्याकाळी पानाच्या द्रोणात ह्यांच्या आवडीचं सगळं बाहेर ठेवलं — आंबट मासा, कोवळ्या फणसाची भाजी, एक सिगारेटसुद्धा. दुसऱ्या द्रोणात गोड बन आणि दूध. पेमाने पाहिलं आणि तो द्रोण सरळ करून ठेवला. सकाळी दोन्ही रिकामे.

भिक्खू सूत्र म्हणत असताना पुण्य सोडायला पेल्यात पाणी ओतलं, पेला भरून ताटात सांडेपर्यंत. दोघांची नावं घेतली. 

‘मोकळे झाले भावोजी,’ पेमा म्हणाली.

‘दोघंही,’ मी म्हटलं. तिने मान वर केली नाही, पण भांडी घासताना रडत होती. सुदूला न्हाऊ-माखू तिनेच घातलं होतं लहानपणी.

१२ एप्रिल

दुपारी धुकं आलं. गाडी सुरू केली. तापेपर्यंत बसले, तापल्यावरही बसले.

टकटक टकटक. इतकी निरोगी! शेडमध्ये एवढी शांतता ह्यांना नेलं त्या दिवशीही नव्हती.

१३ एप्रिल

नोनगते. आज कुणी काही करायचं नाही. मी तरी काय करते रोज? शेजारच्या धनसेकरांची सून दारातूनच म्हणाली, ‘आची, तुमच्याकडे यंदा सुतक, उद्या गोड कावुम तळून आणून देते.’ बरं म्हटलं. शेडकडे गेले नाही.

गेले. नुसती मागच्या सीटवर बसून आले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. सीट खचलेली नाही, नवीच आहे.

१४ एप्रिल

सकाळी कामाचा मुहूर्त होता. गावभर फटाके, ज्याने त्याने वर्षाचं पहिलं काम केलं. सुतकात मुहूर्त पाळायचा नसतो. मी पाळला.

झाकणाचे दोन नट. हिरव्या चिंधीतला छोटा पाना. आठवी फट. फट मिटेपर्यंत आवळली.

मग मागचं दार उघडून सीटवर उशी ठेवली आणि इंजिन तापायला सोडलं.

आली. शीळही तीच. आणि तिच्या पाठोपाठ, पुढच्या सीटवरून, दोनदा, कोरडं — ख्ख, ख्ख.

श्वासाचं कारण मला ठाऊक आहे, मीच आवळलंय ते. खोकल्याचं काय, हे वडिवेलला विचारणार नाही.